थेंबे थेंबे ऑइल गळे

गाडी घेताना रंग कोणता घ्यायचा, यावर आपण तीन-तीन आठवडे डोकं खपवतो. म्युझिक सिस्टिम, सीट कव्हर्स, डॅशबोर्डवरचा छोटासा गणपती, सगळं अगदी चोखंदळपणे निवडतो. पण बॉनेट उघडायचा खटका नेमका कुठे आहे, असं कोणी विचारलं तर आपल्यापैकी किती जण न शोधता दाखवू शकतील? सांगा खरं!

मग एक दिवस वॉचमनकाका हटकतात, ‘मॅडम, तुमच्या गाडीखाली कायतरी सांडलंय बघा.’ बघतो तर पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा काळा, तेलकट डाग. यावर आपल्या जनरेशनच्या रिअॅक्शन्स दोनच. एक, घाबरून थेट गॅरेजला फोन. दोन, गाडी उद्यापासून फूटभर पुढे लावणं, म्हणजे डाग गाडीखाली झाकला जातो आणि सोसायटीची नोटीस येत नाही. दोन्हींच्या मधला एक रस्ता आहे, आणि तो जरा स्वस्तही आहे. या आठवड्यात त्याबद्दल. (ज्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली आहे त्यांच्याकडे इंजिनच नाही, त्यांनी खुशाल पान उलटावं. पण बाबांची पेट्रोल गाडी अजून घरी असेल, तर थांबा!)

आधी ओळखपरेड

गाडीखालचा प्रत्येक ओलावा म्हणजे इंजिन ऑइल नव्हे. एसी लावून आलात आणि डाव्या बाजूला समोरच्या सीटच्या पुढे स्वच्छ पाणी टपकतंय, तर ते एसीचं पाणी. चिंता नको. हिरवं, गुलाबी किंवा निळसर आणि थोडं गोडसर वासाचं असेल तर तो कूलंट. त्याचा विषय वेगळा, पण तोही तातडीचा. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, निसरडं काही दिसलं तर ब्रेक ऑइल असू शकतं. अशी गाडी चालवायचीच नाही, मेकॅनिकला घरी बोलवा. लालसर असेल तर पॉवर स्टिअरिंग किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल. आणि मधासारखं सोनेरी ते कॉफीसारखं काळपट, बोटांवर चोळलं की बुळबुळीत, ते आपलं इंजिन ऑइल.

यासाठी खर्च शून्य. ऑनलाइन ऑर्डरचा पुठ्ठ्याचा खोका फाडून रात्री इंजिनखाली पसरा आणि त्यावर पेनानं पुढच्या चाकांच्या जागा मार्क करा. सकाळी रंग कळतो, थेंब साधारण कुठे पडतोय ते कळतं आणि किती पडतोय तेही. दोन थेंब आणि वाटीभर यात फरक आहे, आणि मेकॅनिकला हाच फरक पहिल्यांदा हवा असतो.

घाई नेमकी कशाची?

लहान पेट्रोल हॅचबॅकच्या इंजिनात साधारण तीन ते चार लिटर ऑइल असतं. ते फक्त भाग वंगणात ठेवत नाही. पिस्टन आणि बेअरिंगची उष्णता वाहून नेणं, घर्षणाची बारीक कीस आणि काजळी फिल्टरपर्यंत नेणं, हेही त्याचंच काम. क्रँकशाफ्ट आणि तिची बेअरिंग्ज यांच्यामध्ये दाबाखाली ऑइलचा एक पातळ पडदा असतो. हा पडदा गेला की धातूवर धातू घासतो. मग इंजिन सीज व्हायला फार वेळ लागत नाही, आणि बिलात शून्यं वाढायलाही नाही.

म्हणून डाग दिसला की पहिलं काम डिपस्टिक. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. पट्टी बाहेर काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. ऑइलची रेघ दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या आणि खालच्या खुणेत बहुतेक गाड्यांत पाऊण ते एक लिटरचं अंतर असतं. रेघ खालच्या खुणेपाशी असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल थोडं थोडं घालत वर आणा. वरच्या खुणेच्या पुढे मात्र जाऊ नका. जास्त झालेलं ऑइल फिरत्या क्रँकमुळे फेसाळतं, आणि गळती थांबण्याऐवजी वाढते.

दुसरी गोष्ट, डॅशबोर्डवरचा तो लाल दिवा, अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखा. बऱ्याच जणांना वाटतं, तो ‘ऑइल भरा’ अशी आठवण करून देतो. मुळीच नाही! तो लेव्हल दाखवत नाही, दाब दाखवतो. चालत्या गाडीत तो लागला, याचा अर्थ दाब आत्ता, या क्षणी पडलाय. गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ हा हिशोब इथे चालत नाही.

थेंब पडतो इथे, फुटतं तिथे

आता मुख्य भानगड. ऑइल जिथून गळतं तिथे टपकत नाही. ते इंजिनच्या अंगावरून खाली ओघळतं, चालत्या गाडीत समोरून येणारी हवा त्याला मागे ढकलते, आणि मग ते सगळ्यात खालच्या नटावरून पडतं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत इंजिनखाली प्लॅस्टिकची ट्रे असते, त्यामुळे थेंब आणखी दूर प्रवास करतो. म्हणून मेकॅनिक लोकांचा जुना नियम: जिथे सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे ओलं, तिथे चोर.

हे किती महाग पडू शकतं ते बघा. माझी एक मैत्रीण बाणेरला राहते. तिनं बोनसमधून सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक घेतली, ती काही मॉलमध्ये मिरवायला नाही. तिचे बाबा साताऱ्याला असतात, हार्ट पेशंट. महिन्यातून एकदा त्यांना चेकअपला पुण्यात आणायचं आणि परत सोडायचं. एसटीचे धक्के त्यांना झेपत नाहीत. चार महिने सगळं ठीक होतं. मग पार्किंगमध्ये डाग दिसायला लागला. आणि एका शनिवारी खंबाटकी घाटात, बाबा शेजारी बसलेले असताना, वळणावर लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला.

असं का झालं? लेव्हल खूप खाली गेली की चढावर आणि वळणावर चेंबरमधलं ऑइल एका बाजूला सरकतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. दाब क्षणभर पडतो, दिवा लुकलुकतो. तिनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, थोड्या वेळानं डिपस्टिक काढली. पट्टीच्या टोकाला ऑइलचा नुसता ओशटपणा! मागून येणाऱ्या एका टेम्पोवाल्या दादांनी खालच्या दुकानातून ऑइलचा डबा आणून दिला, म्हणून त्या दिवशी निभावलं.

पुण्यात पहिल्या गॅरेजनं गाडी लिफ्टवर घेतली आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावर ओलं बघून निकाल दिला: ‘मागचं क्रँक सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. सोळा हजार, दोन दिवस.’ सोळा हजार म्हणजे तिच्या दोन महिन्यांच्या ईएमआयपेक्षा जास्त. तिनं गाडी विकायचा विचारही केला. पण मग बाबांना आणणार कसं?

दुसऱ्या मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला, ‘ताई, इंजिन धुऊन बघितलं का कोणी?’ कोणीच नव्हतं बघितलं. त्यांनी डिग्रीजर मारून इंजिन पुसून कोरडं केलं, सगळ्या संशयित जागांवर टाल्कम पावडर शिंपडली आणि गाडी वीस मिनिटं चालवून आणली. पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ स्पष्ट. ती सुरू होत होती अगदी वरून, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून. तिथून ऑइल इंजिनच्या पाठीवरून ओघळत बरोबर गिअरबॉक्सच्या जोडावर येत होतं. क्रँक सील बिचारं निर्दोष होतं. टॅपेट कव्हरचं रबरी पॅकिंग बदललं, ऑइल टॉपअप केलं, एकूण बिल अठराशे पन्नास.

पहिल्या गॅरेजवाल्यानं फसवलं, असं मी म्हणणार नाही. खालून बघितलं तर दोन्ही गळती सेम टू सेम दिसतात. त्यानं एवढंच केलं नाही, की बघण्याआधी पुसलं नाही.

संशयितांची लाइनअप: स्वस्त ते महाग

म्हणून शोध नेहमी वरून खाली आणि स्वस्ताकडून महागाकडे. मोबाइलचा टॉर्च लावा आणि हात पोचत नाही तिथे व्हिडिओ काढा.

ऑइल भरायचं झाकण: घट्ट लागलंय का? आतली रबरी रिंग कडक झालीय का? कधी कधी गळती इथेच संपते. झाकणाच्या आत दुधी, चहाच्या सायीसारखा थर दिसला तर मात्र लक्ष द्या. थंडीत रोज फक्त दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो नुसत्या वाफेमुळेही होतो. पण डिपस्टिकवरही दुधी दिसत असेल किंवा कूलंट कमी होत असेल, तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय. गाडी चालवू नका.

ऑइल फिल्टर आणि ड्रेन नट: नुकतीच सर्व्हिसिंग झाली आणि लगेच गळती सुरू? पहिला संशय यांच्यावर. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला, की गळती ठरलेली. ड्रेन नटाखालचा तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर दबून सील करतो, म्हणून दरवेळी नवा हवा. किंमत किरकोळ, पण नेमका तोच वाचवला जातो.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग: इंजिनच्या डोक्यावर असतं, सतत तापतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं रबर कडक होतं, त्याची लवचीकता जाते. इथून ऑइल एक्झॉस्टवर पडलं की सिग्नलला थांबल्यावर जळका वास येतो, कधी धूरही दिसतो. याकडे दुर्लक्ष नको, तापलेल्या एक्झॉस्टवरच्या ऑइलनं आग लागू शकते. काही इंजिनांत हेच ऑइल आतल्या बाजूनं स्पार्क प्लगच्या खड्ड्यात उतरतं. मग गाडी झटके देते, आणि आपण उगाच पेट्रोलला दोष देत बसतो.

ऑइल प्रेशर स्विच: त्या लाल दिव्याला खबर देणारा छोटासा सेन्सर. याच्या वायरच्या कनेक्टरमध्ये ऑइल दिसलं तर स्विच बदला.

चेंबर: इंजिनच्या पोटाशी असलेली ऑइलची टाकी. सोसायटीतल्या उंच स्पीडब्रेकरवर घासली की चेपते आणि तिचा जोड सुटतो.

पुढचं सील: ज्या इंजिनांत बाहेर रबरी टायमिंग बेल्ट आहे, तिथे या सीलचं ऑइल बेल्टवर उडालं तर बेल्ट खराब होतो. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. म्हणून सील आणि बेल्ट एकाच वेळी बदलून घ्या. मारुतीच्या के-सीरिजसारख्या पेट्रोल इंजिनांत बेल्टऐवजी चेन असते, म्हणजे ही एक काळजी कमी.

मागचं क्रँक सील: सगळ्यात शेवटी याचा नंबर. पार्ट स्वस्त, मजुरी महाग, कारण गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. ऑइल क्लच प्लेटवर गेलं की क्लच सरकतो. म्हणजे अॅक्सिलरेटर दाबला की आवाज वाढतो, स्पीड नाही. हे काम खरंच निघालं, तर क्लच प्लेटची अवस्था त्याच वेळी बघून घ्या, डबल मजुरी वाचते.

आणि एक छुपा रुस्तम: ब्रीदर व्हॉल्व. पिस्टनच्या बाजूनं थोडा गॅस खाली इंजिनच्या पोटात येतोच. तो बाहेर जायची वाट म्हणजे हा व्हॉल्व. तो काजळीनं बंद पडला की आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. एक सील बदललं, महिन्यात दुसरं गळायला लागलं, असं होत असेल तर आधी हा तपासा.

खाली डाग नाही, पण लेव्हल कमी होतेय? मग सायलेन्सर बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल बाहेर गळत नाहीये, आत जळतंय.

पॅकिंग बदलताना

तुम्ही स्वतः हात काळे करा किंवा मिस्त्रींच्या शेजारी उभे राहा, क्रम माहीत असावा. इंजिन पूर्ण थंड. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. इग्निशन कॉइल काढताना कोणती कुठली, त्यावर चिकटपट्टीनं नंबर. बोल्ट बाहेरून आत या क्रमानं सैल करायचे. कव्हर उचललं की दोन्ही बाजू स्वच्छ करायच्या, पण स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून नाही. धातूवर ओरखडा पडला की तिथून पुन्हा गळणार. प्लॅस्टिकची पट्टी आणि कोरडं फडकं वापरा, आणि आत कचरा पडू देऊ नका. नवं पॅकिंग खोबणीत नीट बसवा. लिक्विड सीलंट सगळीकडे थापायचं नसतं, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कोपऱ्यांवरच छोटासा ठिपका. बोल्ट आवळायचे ते मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं. बऱ्याच लहान पेट्रोल इंजिनांत हा आकडा १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, नेमका तुमच्या गाडीचा बघून घ्या. ‘जोर लावून घट्ट’ केलं की कव्हर वाकतं आणि नवं पॅकिंग पहिल्याच दिवशी मरतं. सीलंट लावलं असेल तर डब्यावर दिलेला वेळ सुकू द्या, मगच स्टार्टर.

गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही. स्टँड नसेल तर ते काम गॅरेजच्या लिफ्टवरच.

जुगाड चालेल का?

बाजारात गळती थांबवणारी बाटली मिळते. ती कडक झालेल्या रबराला थोडं फुगवते आणि मऊ करते. झिरपणं कमी होऊ शकतं. फाटलेलं पॅकिंग, चेपलेली चेंबर किंवा सैल नट यावर तिचा काही उपयोग नाही. जाड ऑइल घालायचा सल्लाही मिळेल. १९८३ ते २०१४ या काळात बनलेल्या मारुती ८०० वर हात बसलेले मिस्त्री हा सल्ला हमखास देतात. पण आजच्या अनेक इंजिनांना झिरो डब्ल्यू सोळासारखं पाण्याइतकं पातळ वाटणारं ऑइल लागतं. त्यांच्यात जाड ऑइल घालणं म्हणजे एक दुखणं झाकून दुसरं ओढवून घेणं.

गॅरेजमध्ये तीन वाक्यं पाठ करून जा. ‘आधी धुऊन मग बघा.’ ‘गळती कुठून सुरू होतेय, त्याचा फोटो दाखवा.’ ‘जुना पार्ट मला परत द्या.’ चांगला मिस्त्री या वाक्यांवर चिडत नाही, उलट खूश होतो.

डागाचं काय? त्यावर लाकडाचा भुसा टाका, रात्रभर ठेवा, झाडून घ्या, मग डिटर्जंटची पेस्ट आणि ब्रश. आणि उरलेलं काळं ऑइल गटारात ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, ते नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवं. गॅरेजवाल्याला तसं स्पष्ट विचारा.

बाकी सगळं विसरलात तरी एक सवय लावून घ्या. महिन्याचा पहिला रविवार, चहा व्हायच्या आधी, डिपस्टिक. दोन मिनिटांचं काम आहे, आपण इन्स्टाग्रामवर त्याहून जास्त वेळ नुसते स्क्रोल करतो. जिच्यात आई-बाबांना बसवून घाट चढायचा, त्या गाडीसाठी एवढं तर कराल ना?